आईला सांगू नको

३ फेब्रुवारी १९५७, जळोची

पुण्याच्या बियाणेवाल्यानं फ्लॉवरच्या बियांबरोबर ही डायरी फुकट दिली. फुकटची वस्तू वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. जानेवारीची पानं कोरी गेली, त्याला इलाज नाही.

पहिल्यांदा फ्लॉवरबद्दल. कालव्याच्या पाण्यावर जळोचीत फ्लॉवर लावणारा मीच पहिला. शेजारचा म्हस्कू रोज बांधावर येऊन म्हणतो, "रामहरी, तुज्या कोबीला कोड फुटलंय." मी त्याला उत्तर देत नाही. मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस आहे.

आता घराबद्दल. घरात माझे वडील दत्तोबा, त्यांना आम्ही आबा म्हणतो. ते ओसरीवर बसून असतात आणि बोलत नाहीत. आबांची थोरली बहीण प्रयागबाई, म्हणजे माझी आत्या, ती सगळ्यांच्या वाटचं बोलते. मग मी, माझी बायको द्वारका आणि आमची आठ वर्षांची बानू.

वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आमच्या घरात वडीलधारं माणूस नाही अशी जागाच नाही. त्यामुळं दिवसभराचा सगळा कारभार बानूमार्फत चालतो. द्वारका समोर उभी असली तरी मी म्हणायचं, "बाने, आईला म्हणावं चहा टाक." मग द्वारकानं भिंतीकडं बघत म्हणायचं, "आण्णांना म्हणावं, दूध नासलं." बानू माझ्याकडं वळून सांगते, "आण्णा, आई म्हणती दूध नासलं, आन म्हस्कूतात्याला रोज च्या पाजल्यावर काय उरतंय." ही पुरवणी द्वारकाची असते की बानूची, ते मला आजवर कळलेलं नाही.

६ फेब्रुवारी

बानूला ताप आला आणि पोटावर पाण्याचे फोड उठले. याला कांजिण्या म्हणतात. मी तसं म्हणालो. आत्यानं लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नाव घिऊ नगंस! बाया आल्यात घरात. पाव्हण्या हाईत."

झालं, घरात देवीचं राज्य सुरू झालं. फोडणी बंद, पायताण अंगणाबाहेर, दारात लिंबाचा डहाळा. नवराबायकोनं लांब राहायचं, म्हणून माझं अंथरूण मळ्यातल्या खोपीत गेलं. रात्री द्वारकाशी चार शब्द बोलायला मिळायचे, तेही गेले. आता आमच्या दोघांमधलं टपालच अंथरुणाला खिळलं आहे.

देवी अंगावर असली की पोरीला नाही म्हणायचं नसतं. आत्या तिला चक्क अहोजाहो करते. "काय हवं बाई तुमाला?" बाईंनी आधी रेडकू आत मागितलं. रेडकू आत आलं, त्यानं आत्याची वाळत घातलेली कुरडई चाटली. मग बाई म्हणाल्या, आण्णांनी कोंबड्यासारखं आरवून दाखवावं. मी सुधारक विचारांचा असलो तरी पोरीचा ताप बघून आरवलो. नेमका म्हस्कू दारात उभा होता.

१२ फेब्रुवारी

फोड सुकत चालले. ताप उतरला. फ्लॉवरवर अळी पडली. म्हस्कूनं गावभर कोंबड्याचं सांगितलं.

१५ फेब्रुवारी

आज बानूचं न्हाण होतं. लिंबाच्या पाल्याचं पाणी तापवून अंघोळ, मग दहीभाताचा नैवेद्य, की बाया बोळवल्या. पण बानू अंथरुणावरून उठून न्हाणीपर्यंत गेली आणि दाराला धरून खाली बसली. नुसती धापत होती. ओठ पांढरे पडले होते. गेले दोन दिवस ती रेडकू मागत नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आत्या म्हणाली, "बाया रुसल्यात. न्हाण न्हाय आज." मी काही न बोलता सायकल काढली आणि बारामतीहून मोहनराव डॉक्टरांना घेऊन आलो. आत्यानं त्यांना पायताण बाहेर काढायला लावलं, फोडणीच्या घरचं जेवून आलात का म्हणून विचारलं आणि मगच आत सोडलं.

डॉक्टरांनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. मग मला अंगणात नेऊन सांगितलं, ते शब्दाला शब्द लिहून ठेवतो. "कांजिण्या बऱ्या होत आल्यात. पण क्वचित एखाद्या पोरात त्यांचं विष काळजापर्यंत पोचतं. हिच्या काळजाच्या स्नायूला सूज आली आहे. नाडी पळतेय आणि ताकद नाही."

पुण्याला नेऊ का विचारलं. ते म्हणाले, "या हालतीत मोटारीचे धक्के नकोत. पहिलं औषध म्हणजे अंथरूण. उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. दुसरं हे थेंब. डिजिटालिस म्हणतात. दमलेल्या काळजाला सावकाश आणि जोमानं चालवतात. पण सुजलेलं काळीज या औषधाला फार हळवं असतं, म्हणून मात्रा मुद्दाम कमी ठेवतोय. सकाळी दहा थेंब, संध्याकाळी दहा. वर एक थेंबही नाही, रामहरी. जास्त झालं तर हेच विष आहे."

मी वर्तमानपत्रात कॉर्टिझोन म्हणून नवीन औषधाचं वाचलं होतं, ते चालेल का म्हणून विचारलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "कांजिण्यांच्या पोरांना ते उलटल्याचं ऐकतोय. मी ते हिला देणार नाही. तू वर्तमानपत्र कमी वाच."

शेवटी म्हणाले, काही वेगळं वाटलं तर औषध थांबवून मला कळवायचं. वेगळं म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

१६ फेब्रुवारी

आत्यानं बाटली घेतली, बुचाला कुंकू लावलं आणि देवीच्या कलशाशेजारी ठेवून दिली.

"बाया घरात हाईत तवर मानसाची दवा पोटात न्हाय जायाची. दवा पाजली की त्या कोपत्यात. बोळवण झाली की मंग काय त्ये पाजा."

"बोळवण कधी?" मी विचारलं.

"पोरगी उठून बसली की."

ती उठून बसावी म्हणून औषध, आणि औषध द्यायला ती उठून बसायला हवी. मी आबांकडं पाहिलं. आबा सुपारी कातरत होते. मी द्वारकाकडं पाहिलं. तिनं मान खाली घालून आत्याला होकार भरला. मला फार राग आला. आईनं तरी तोंड उघडावं की नाही? मीही मान हलवली, पण माझी गोष्ट वेगळी, मी मनात काही ठरवून हलवली होती.

१७ फेब्रुवारी

ठरवल्याप्रमाणं केलं. पहाटे खोपीतून घरी आलो. द्वारका गोठ्यात धार काढत होती, आत्या विहिरीवर. कलशाशेजारची बाटली उचलली, दहा थेंब पाण्यात मोजले, बानूला पाजले, बाटली होती तशी ठेवली, कुंकवाचा टिळासुद्धा बाहेरच्या अंगाला केला. बानूनं तोंड वाकडं केलं.

"आण्णा, ह्ये कडू हाय."

"झाडाच्या पानांचा रस आहे. लिंबाचा असतो तसा." हे खोटं नाही, डॉक्टरच म्हणाले होते की पानांपासून करतात. "आणि हे बघ, आईला सांगू नको. आत्याला तर नकोच नको."

"आईला बी न्हाय?"

"आई आत्याच्या बाजूची आहे."

बानूनं जरा विचार केला आणि मान डोलावली. पोरगी शहाणी आहे. आजवर तिनं आमचे इतके निरोप पोचवले, आता एक निरोप न पोचवणंही तिला जमेल. बक्षीस म्हणून गुळाचा खडा दिला. संध्याकाळी दिवे लागायच्या आत पुन्हा दहा थेंब दिले.

२० फेब्रुवारी

गुण आहे! धाप कमी झाली, ओठांना रंग आला. मला कुणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि सांगायला कुणी नाही, म्हणून बैलांना सांगितलं. आत्या म्हणते देवीला नवस बोलले त्याचा गुण. म्हणू दे.

द्वारकाचा चेहराही आज उजळलेला होता. भाकरी वाढताना ती मला काहीतरी सांगणार असं वाटलं. पण आत्या मधे बसली होती.

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. बाटलीतलं औषध उन्हानं आटतंय. चार दिवसांत इतकं खाली जायला नको. बूच घट्ट बसवलं.

२१ फेब्रुवारी

बारामतीचा बाजार. फ्लॉवर गेला, म्हणजे लोकांनी हातात घेऊन वास घेतला आणि मग घेतला. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर नाहीत. इंदापूरकडं टोचणीसाठी गेलेत, आठवडाभर येणार नाहीत. कंपाउंडरला बाटली दाखवली. म्हटलं, उडून जातंय. त्यानं बूच हुंगून पाहिलं, "ऊन फार तापतंय यंदा," म्हणाला आणि भरून दिली. आता बाटलीवर ओलं फडकं गुंडाळलं आहे. आत्याला सांगितलं, देवीला थंडावा.

२३ फेब्रुवारी

पडून राहणं हे बानूला आजारापेक्षा जड चाललंय. आढ्याच्या वाशांना तिनं नावं ठेवलीत. एक वाकडा वासा आहे, त्याचं नाव म्हस्कूतात्या.

आज म्हणाली, "आण्णा, मला लई गुपितं झाल्यात."

मी म्हटलं, एवढ्याशा पोरीला कसली गुपितं?

"सांगितल्यावर गुपित कसं ऱ्हाईल?" मला हसू आलं. कुणासारखी बोलते कोण जाणे.

औषध अजूनही आटतंय. फडक्याचा उपयोग नाही. उंदीर बूच काढू शकतो का, हे कुणाला तरी विचारायला हवं.

२४ फेब्रुवारी

बानूनं भात खाल्ला नाही. गुळाच्या खड्यालाही नको म्हणाली. दुपारी उलटी झाली. आत्या सकाळपासून तिच्या तोंडात दही घालतेय, त्यानं बाधलं असणार. मी तसं बोललो तर आत्या माझ्याशी बोलेनाशी झाली. घरातलं बोलणारं एकच माणूस होतं, तेही गप्प बसलं.

संध्याकाळी मी आत शिरलो तेव्हा द्वारका बानूचं तोंड पदरानं पुसत होती. मला बघून दचकली आणि हातातली वाटी पाठीमागं नेली. आत्याचा अंगारा पाजत असणार. इतकी घाबरायची काय गरज होती? मी काय तिला रागावणार होतो? आणि रागावायचं तर कुणामार्फत?

२६ फेब्रुवारी

आज जे घडलं त्यानं माझे सुधारक विचार थोडे हलले आहेत, हे प्रामाणिकपणे लिहितो.

सकाळी बानू डोळे चोळत म्हणाली, "आत्या, तुजं लुगडं पिवळं कशानं झालं?"

आत्याचं लुगडं पांढरं. आत्यानं स्वतःकडं पाहिलं.

"भित्त बी पिवळी दिसती. आण्णा बी पिवळं. सगळ्यावर कुनी तरी भंडारा उधळलाय."

आत्याच्या हातातली परात खाली पडली. "खंडोबा आला! यळकोट यळकोट! पोरीचं नाव उगा बानू ठिवलं व्हय? बाया बोळवायला देवच आला जेजुरीचा!"

तासाभरात म्हस्कूनं गावभर केलं. बायका नारळ घेऊन आल्या. ओसरीवर नारळांचा ढीग लागला. आबा जागा देत देत भिंतीला टेकले. म्हस्कू स्वतः टोपी काढून बानूपुढं हात जोडून बसला.

"देवा, कालव्याच्या पान्याची पाळी मला कवा मिळंल?"

बानूनं डोळे मिटलेले होते. "आमचं झाल्यावर," ती म्हणाली.

सगळ्यांनी यळकोट केला. मलाही वाटलं, देव आपल्या घरचा आहे. अभिमान वाटला, लपवून काय करू? पण पोरगी दमली होती. तिचा हात हातात घेतला तर गार लागला. गर्दीत औषध द्यायला कसरत पडली. नारळ द्यायच्या निमित्तानं वाकून पाजलं.

२८ फेब्रुवारी

रात्रीचे दोन वाजलेत, कंदिलापाशी बसून लिहितो आहे.

आज बाजार. डॉक्टर इंदापूरहून परत आलेले दिसले म्हणून दवाखान्यात शिरलो. म्हटलं, धाप गेली, आता जेवण नाही, उलट्या होतात, पण काळजी नाही, कारण परवापासून तिला खंडोबा दिसतोय. सगळं पिवळं दिसतंय.

डॉक्टर दुसऱ्याच्या पोराचा घसा बघत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला. "पिवळं?"

"भंडाऱ्यासारखं."

ते उठले, पिशवी घेतली आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. म्हणाले, "मार." डॉक्टर अंगानं भारी आहेत. बारामतीपासून जळोचीपर्यंत त्यांनी मागून एवढंच विचारलं, "किती थेंब?" मी दर वेळी दहा म्हणालो. दर वेळी ते म्हणाले, "शक्य नाही."

घरात आजही चारदोन बायका होत्या. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. आत्याला काढता आलं नाही. त्यांनी बानूची नाडी धरली आणि घड्याळाकडं बघत राहिले. इतका वेळ कुणी नाडी धरलेली मी पाहिली नव्हती.

"ठोका सावकाश पडतोय, आणि मधेच चुकतोय," ते म्हणाले. "औषध जास्त झालंय. पिवळं दिसतंय ते त्यानं. हिला देव दिसत नाही, रामहरी, हिला विष चढलंय. औषध कोण देतं?"

आत्या म्हणाली, "दवा कुनीच देत न्हाय. बाटली देवीफुडं हाय."

मी म्हणालो, "मी देतो. चोरून. पण दहाच थेंब, सकाळ-संध्याकाळ. पोरीची शपथ."

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागून द्वारकाचा आवाज आला. ती डॉक्टरांशी बोलत होती, माझ्याशी नाही. "डाक्टर, दवा मी देती. ह्ये मळ्यात गेल्यावर. दहाच थेंब. तुमी अंगणात सांगत हुता तवा मी आयकलं. मला वाटलं, ह्ये आत्याला भिऊन देणार न्हाईत."

बाहेर रेडकू ओरडत होतं.

डॉक्टर बानूकडं वाकले. "बाळ, औषध दिवसातून किती वेळा घेत होतीस?"

"कुनाच्या हातचं इचारता?" बानूनं विचारलं.

"दोघांच्याही."

बानूनं माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं. "आण्णा म्हनलं आईला सांगू नगं. आई म्हनली आण्णाला सांगू नगं. मी कुनालाच न्हाय सांगितलं." तिचा आवाज बारीक झाला होता, पण तिला त्याचा अभिमान होता. "आता सांगितलं तर चालतंय ना?"

डॉक्टरांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. मी उंबऱ्यावर बसून रडलो. आबांसमोर, आत्यासमोर. लाज वाटली नाही.

औषध बंद. डॉक्टर म्हणाले, आता ते अंगातून उतरायची वाट बघायची, तोवर पोरीला कूस बदलायलाही हातभार लावायचा. पोटॅश नावाचा क्षार कमी पडला की हे विष जास्त बाधतं. पिशवीतल्या पुड्या ते स्वतःच्या हातानं देणार आहेत. मग त्यांची नजर ओसरीवरच्या ढिगाकडं गेली. "हे नारळ कुणाचे?"

"देवाचं," आत्या म्हणाली.

"फोडा. याच्या पाण्यातही तो क्षार असतो. घोट घोट, मी सांगेन तेवढंच."

डॉक्टर आज रात्री इथंच राहणार आहेत. आत्यानं त्यांना काही विचारलं नाही. नारळ तिनंच फोडले.

१ मार्च

ठोका अजून चुकतोय. डॉक्टर सकाळी गेले, दुपारी पुन्हा आले. मी मळ्यात गेलो नाही. द्वारका आणि मी अंथरुणाच्या दोन बाजूंना बसलो होतो. आम्ही दोघांनी मिळून पोरीला इथवर आणलं. दोघांनी जीव लावून.

आत्या दुपारभर दिसली नाही. मग तिनं दहीभात कालवला, देवीपुढं ठेवला आणि कलशाशी बसून बोलायला लागली. मला ऐकू आलं. "बाई, तुमचं लई दिस मानपान केलं. आता तुमी निगा. पोरीला मानसाची दवा लागतीया. कोपायचं असलं तर माज्यावर कोपा, म्हातारी हाय मी." मग कलश उचलून वेशीपर्यंत एकटीच चालत गेली.

३ मार्च

बानू म्हणाली, "आत्या, तुजं लुगडं पांढरं झालं. पर मळलंय."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

६ मार्च

नाडी सरळ झाली. जेवायला मागितलं. रेडकूही मागितलं, पण देवी गेल्यामुळं आता नाही म्हणता येतं.

डॉक्टर म्हणाले, सूज पुरती उतरलेली नाही, धाप परत लागतेय, तेव्हा थेंब पुन्हा सुरू करायला हवेत. पण निम्मे, आणि एकाच वेळी. औषध तिन्हीसांजेला माजघरात सगळ्यांसमोर द्यायचं. देताना एकानं दुसऱ्याला मोठ्यानं विचारायचं, दिलं का, आणि दुसऱ्यानं मोठ्यानं सांगायचं.

"कुणी कुणाला?" मी विचारलं, जरी मला समजलं होतं.

"तू बायकोला. तोंडानं. पोरीमार्फत नाही."

आत्यानं श्वास आत ओढला. डॉक्टर तिला म्हणाले, "प्रयागबाई, हे औषधाबरोबरचं पथ्य आहे." पथ्य म्हटल्यावर आत्याचा नाइलाज झाला.

७ मार्च

दुपारी विहिरीवर तालीम केली. "दिलं का?" बैलांनी वळून पाहिलं.

तिन्हीसांजेला सगळे माजघरात जमले. द्वारकानं थेंब मोजले. लग्नाला दहा वर्षं झाली, पण चारचौघांत तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. आत्या उठून भिंतीकडं तोंड करून बसली.

"मी पाठ फिरिवली. आता माज्यासमोर न्हाय झालं. बोल."

"दिलं का?" मी कलशाच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणालो.

"दिलं," द्वारका चुलीकडं बघून म्हणाली.

"लई लहान आवाज," बानू पडल्या पडल्या म्हणाली. "डाक्टर म्हनलेत मोट्यानं."

पुन्हा केलं.

१६ मार्च

शिमगा. पोळी झाली, फोडणीही झाली. बानूला तक्क्याला टेकून बसायची परवानगी मिळाली आहे. बसल्या बसल्या तिनं म्हस्कूला सांगून टाकलं की देव तिच्या अंगात नव्हताच, औषध होतं. म्हस्कू नाराज झाला. पाण्याची पाळी त्याला खरंच आमच्यानंतर मिळाली आहे.

आज औषधाच्या वेळी द्वारका "दिलं" म्हणाल्यावर थांबली नाही. "आन दूध बी पेली," म्हणाली. हे पथ्यात नव्हतं. मी "बरं" म्हणालो.

२५ मार्च

औषधाच्या वेळी बोलणं वाढत चाललंय. आज फ्लॉवरच्या रानात आता काय लावायचं यावर द्वारकाचं आणि माझं भांडण झालं. ती म्हणते मिरची, मी म्हणतो टोमॅटो. आत्या भिंतीकडं तोंड करून बसलेलीच होती, शेवटी न राहवून म्हणाली, "मिरचीच लाव, ती बरूबर बोलती." म्हणजे आत्या रोज सगळं ऐकते.

द्वारकाला इतकी मतं आहेत हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं बानू ती गाळून देत होती की काय?

११ एप्रिल

डॉक्टर सकाळीच आले. बानूच्या छातीवर नळी ठेवली, पाठीवर ठेवली, पुन्हा छातीवर. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी नळी कानातून काढली आणि मला दिली. म्हणाले, "तूच ऐक." मी कानाला लावली. माझ्या पोरीचं काळीज चालत होतं, सरळ, एकामागून एक, कुठं न चुकता. मला आणखी ऐकायचं होतं, पण बानू म्हणाली, "आण्णा, नळी गार लागती."

थेंब तर मागच्या आठवड्यातच बंद झालेत. आज अंथरूणही सुटलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरातल्या घरात चालू दे. पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही. महिन्यानं पुन्हा बघू." आणि ते गेले.

बानूनं पाय खाली सोडले. भिंतीला हात लावून उभी राहिली. मग भिंत सोडली. माजघरातून ओसरीपर्यंत आली, मधे एकदा थांबली, माझ्याकडं बघून हसली आणि पुन्हा चालली. धाप नाही, ओठ लाल. आबांच्या शेजारी जाऊन टेकली.

द्वारका गोठ्यात होती. दोन महिन्यांपूर्वी मी म्हणालो असतो, बाने, आईला सांगून ये. पण निरोप नेणारी जी, तीच आज बातमी होती. आणि मला थांबवेना. मी अंगणात जाऊन ओरडलो, "द्वारके! अगं द्वारके, पोर चालली!"

सबंध आळीला ऐकू गेलं असणार. द्वारका धारेचं भांडं टाकून पळत आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, हात दुधानं भरलेले. आबांसमोर, आत्यासमोर, तिनं माझा दंड धरला. "कुठं? कुठं चालली? तुमी मला आधी का न्हाय हाक मारली?" असं म्हणत रडायला लागली. मीही तिचा हात धरला. आत्याला भिंतीकडं वळायला सवड मिळाली नाही.

मग आम्हा दोघांना एकदमच आबांची आठवण झाली. द्वारकानं पदर सावरला. मी हात सोडला. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. या वर्षात मी त्यांचं पुरं वाक्य ऐकलं नव्हतं.

"तुजी आई आन मी बी चारचौघांत बोलत न्हवतो," आबा म्हणाले. "पर एवढं कोन पाळतंय, रामहरी? मला वाटलं, तुमचं दोगांचं भांडान हाय."

बानू पोट धरून हसत सुटली. द्वारका म्हणाली, "अवो, तिला लई हसू देऊ नका, दमंल." हे ती सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, आणि मी बानूजवळ जाऊन बसलो.